बारा दुकानांची बोहनी

अठ्ठावीस वर्षं मी बायकांना धंदा कसा करावा ते शिकवलं, आणि त्या अठ्ठावीस वर्षांत स्वतः एक काडेपेटीसुद्धा विकली नाही. यातली गंमत मला कुणी कधी दाखवून दिली नाही. दाखवली ती एका परदेशी मुलीने, तेही पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत आणि पुस्तकातल्या शुद्ध हिंदीत.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. जबलपुरातल्या एका छोट्या कर्जांच्या संस्थेत मी फील्ड ऑफिसर म्हणून लागले आणि फील्ड ऑफिसर म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या काळात फक्त स्कूटी तीनदा बदलली. बँकेकडे कर्ज मागायला गेलं की बँक तारण मागते. घर दाखवा, सोनं दाखवा, पगाराची पावती दाखवा. ज्या बाईकडे यातलं काहीच नाही तिला आम्ही म्हणायचो, चार मैत्रिणी घेऊन ये. पाच जणींचा गट करायचा, दर आठवड्याला सतरंजीवर बसायचं, आणि एकीला कर्ज हवं असेल तर बाकी चौघींनी तिच्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा. तिने बुडवलं तर चौघींनी भरायचं. म्हणजे आमचं तारण काय, तर शेजारीण. सोनं रुसत नाही आणि शेजारीण रुसते, एवढाच फरक. माझी निम्मी नोकरी रुसवे काढण्यात गेली.

आता परदेशी लोकांचं. आपली मुलं शिकायला परदेशी गेली की आपण ते लग्नाच्या बायोडाटात ठळक अक्षरांत छापतो. तिकडच्या एका कॉलेजची मुलं शिकायला परदेशी यायची ती आमच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर. दर जानेवारीत तीन आठवडे. छोटी कर्जं आणि छोटे धंदे हा त्यांचा विषय, त्याचे त्यांना मार्क मिळायचे. मुक्काम सिविल लाइंसमधल्या गेस्ट हाउसात, आणि त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे. कारण इंग्रजी येणारे आमचे शाखा व्यवस्थापक दुबेजी उन्हात निघत नसत आणि जानेवारीच्या थंडीतही निघत नसत.

मी सांगते आहे ती तुकडी आठ जणांची होती. पहिल्या दिवशी मी त्यांना आमचा चित्रांचा तक्ता उलगडून दाखवला. पहिलं चित्र, ग्राहकाशी हसून बोला. दुसरं, माल नीट मांडा. तिसरं, भाव ठरवताना आपल्या मेहनतीचा विचार करा. मागच्या बाकावर हॅना नावाची एक उंच, हाडकुळी मुलगी बसली होती. तिने हात वर केला.

"दीदी, आपने स्वयं क्या विक्रय किया है?"

मी म्हटलं, "मैं अधिकारी हूँ."

तिने ते वहीत लिहून घेतलं. तिच्या लिहिण्यात काहीच कुत्सितपणा नव्हता, म्हणून मला जास्त झोंबलं.

त्या वर्षी माझं सगळं लक्ष रामकलीकडे लागलेलं होतं. रामकली ग्वारीघाटावर कणकेचे दिवे विकायची. द्रोणात फुलं, मध्ये कणकेचा दिवा, तुपात भिजवलेली वात. भाविक तो पेटवून नर्मदेत सोडतात. वीस वर्षं ती एकाच पायरीवर, पिंपळाजवळ, जमिनीवर टोपली घेऊन बसायची, आणि वीस वर्षांनी तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. बसली की उठवायला दोन बायका लागत. तिला चाकांचा ठेला हवा होता, म्हणजे स्टुलावर बसून विकता आलं असतं, आणि तो नर्मदा जयंतीच्या आत हवा होता. जयंतीला घाटावर मुंगी शिरायला जागा नसते. त्या दिवशी जो आपल्या जागेवर नसतो त्याच्या जागेवर दुसरा बसतो, आणि मग तो उठत नाही. पिंपळाखालच्या जागेवर रामकलीच्या जाऊबाईंचा डोळा होता. कागद तयार होता, दुबेजींची मान हलली होती. फक्त चौघींचे अंगठे बाकी होते, आणि ते मंगळवारच्या बैठकीत मिळणार होते.

सोमवारी सकाळी मी मुलांना घाटावर बोलावलं. बोलावण्याआधी दोन पानांची सूचनांची यादी दिली होती. पाणी बाटलीतलंच प्या. चपला काढा. आंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढू नका. गाईला बिस्किट देऊ नका, ती मग गेस्ट हाउसपर्यंत येते. सगळं लिहिलं, एक गोष्ट लिहिली नाही. लिहायची असते हेच डोक्यात आलं नाही.

ती गोष्ट म्हणजे बोहनी. पुण्यामुंबईकडे भवानी म्हणतात. दिवसाची पहिली विक्री. पहिल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस नाही, उधारी नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर तो अख्खा दिवस वाया, असं घाटावरची प्रत्येक बाई धरून चालते. म्हणून आपल्याकडे शहाणा माणूस सकाळी सकाळी नुसता भाव विचारायला जात नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून आपणही कुणाला शिकवत नाही.

त्यांच्या प्रोफेसरांनी त्या दिवसाचा अभ्यास दिला होता बाजारभावाचा. प्रत्येक दुकानात एकाच वस्तूचा भाव विचारायचा, शक्य तितका पाडून घ्यायचा, वहीत लिहायचा आणि पुढे जायचं. विकत घ्यायचं नाही, कारण त्याने म्हणे निष्कर्षावर परिणाम होतो. मी सात वाजता या म्हटलं होतं. ती गुणी पोरं साडेसहालाच पोचली, आणि माझी वाट बघण्यात वेळ कशाला घालवा म्हणून कामाला लागली.

दुकानं बारा. मुलं आठ. प्रत्येकाने प्रत्येक दुकानात भाव विचारला, पाडला, लिहिला, आणि हात जोडून "बहुत धन्यवाद" म्हणून रिकाम्या हाताने पुढे गेला. एका दिवसाची एक बोहनी असते. या पोरांनी प्रत्येक बाईची आठ-आठ वेळा मोडली, आणि तीही हसतमुखाने.

मी स्कूटी लावून पायऱ्या उतरले तेव्हा घाट गप्प होता. धुकं दाट होतं, पण गप्प धुक्याने नव्हता. रामकलीच्याच गटातल्या नारळवाल्या शांतीबाईने आपल्या नारळांवर गोणपाट टाकलं होतं. एक जण दुकानासमोरची पायरी नर्मदेच्या पाण्याने धूत होती. एकीने लिंबू-मिरची सोडवून नवी बांधायला घेतली होती. घाटावरच्या एका पंडितजींनी परिस्थिती ओळखून दुकानं शुद्ध करून द्यायचं काम सुरू केलं होतं, आणि हॅना त्यांच्याजवळ उभी राहून दर दुकानाचा दर लिहून घेत होती. नंतर मी तिची वही पाहिली. तिथे लिहिलं होतं, नवा सेवाउद्योग, भांडवल शून्य.

"मेश्राम दीदी," शांतीबाई म्हणाली, "जे कौन लोग भेज दए आपने?"

मी म्हटलं, विद्यार्थी आहेत, शिकायला आलेत.

"तो सीखें. हमाई बोहनी पे काय सीख रहे?"

त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हटलं नाही, भाविक मोजके आले, कुणाचंच काही विकलं गेलं नाही. पण धुक्याला शिव्या देऊन समाधान होत नाही. शिव्यांना माणूस लागतो. आणि माणूस सापडला, रामकली. कारण आदल्या दिवशी ती आठही मुलं तिच्या घरी चहा पिऊन आली होती. मीच नेली होती. रामकलीने त्यांना शेजारून कप मागून आणून चहा पाजला होता, आणि ते कपही शांतीबाईचेच होते.

मंगळवारची बैठक. सतरंजीवर पाच जणी, मागे खुर्च्यांवर आठ परदेशी मुलं, त्यांचे प्रोफेसर आणि कधी नव्हे ते दुबेजी, कारण पाहुण्यांसमोर संस्था चांगली दिसायला हवी होती. मी रामकलीचा कागद पुढे ठेवला. शांतीबाईने हात पदराखाली घेतले.

"हम अंगूठा नहीं लगाएँगे. गोरों को जा रामकली लाई थी घर. पूरे घाट को नुकसान करा दओ."

बाकी तिघींनीही हात पदराखाली घेतले. रामकलीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आता इथे मी म्हणायला हवं होतं की मुलांना मी आणलं, तिच्या घरी मी नेलं, बोहनीचं सांगायला मी विसरले. तीन वाक्यं. पण मागे दुबेजी बसले होते, प्रोफेसर बसले होते, आणि माझ्या वार्षिक अहवालात "उत्कृष्ट समन्वय" असं छापून यायचं होतं. मी फाइल चाळायला लागले. फाइलमध्ये चाळण्यासारखं काही नव्हतं, एकच कागद होता आणि तो समोर सतरंजीवर होता. त्या फाइल चाळण्याची मला अजून लाज वाटते.

उठली ती हॅना. तिला सगळं कळलं नव्हतं, पण सगळे तोंड फिरवून बसलेत एवढं कळलं होतं. तिने शेजारच्या मुलाला विचारलं, त्याने मला विचारलं, आणि मी हळूच बोहनी म्हणजे काय ते सांगितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती सतरंजीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "त्रुटि मेरी है. कृपया उपाय बताइए."

शांतीबाईला 'त्रुटि' कळलं नाही, पण लाल चेहरा कळला. तिने जरा विचार केला आणि निकाल दिला. उद्या पहाटे ये. बाराही दुकानांत बोहनी तू कर. भाव करायचा नाही. सांगू तो पैसा द्यायचा. फोनवरून नाही, रोख, कारण फोनवर आलेली बोहनी कपाळाला कशी लावणार? घेतलेली वस्तू परत द्यायची नाही. आणि तोंड हसरं. मग अंगठ्याचं बघू.

प्रोफेसरांनी दुबेजींना विचारलं, हा संस्थेचा नेहमीचा नियम आहे का? दुबेजी म्हणाले, होय, फार जुना.

मी घरी येऊन पहाटेचा गजर लावला. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि सकाळी आठशिवाय न उठणारे. ते म्हणाले, "काहून एवढ्या थंडीत जाऊन राहिली? तुझं प्रमोशन होऊन राहिलं काय?" मी म्हटलं, झोपा.

दुसरा दिवस मौनी अमावास्येचा होता. माझ्या लक्षात होतं, घाटावर सगळ्यांच्या लक्षात होतं, फक्त हॅनाला माहीत नव्हतं. ऑटोत मी तिला सांगितलं की आज बरेच लोक मौन पाळून स्नान करतात. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि तिथून पुढे तोंडातून शब्द काढला नाही. म्हणजे भाव विचारायचा प्रश्नच मिटला. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात ती जाई, वस्तू उचली, समोर नोट धरी आणि हसे. बायका नोट कपाळाला लावत, टोपलीला लावत आणि तिच्या हसण्याकडे बघत राहत. बाराव्या दुकानापर्यंत तिच्या दोन्ही हातांत सात दिवे, तीन नारळ, चुनरी, कुंकवाची पुडी आणि माशांना टाकायच्या कणकेच्या गोळ्या असा ऐवज होता. तिने मौन पाळून बारा बायकांना खूश केलं, जे मला अठ्ठावीस वर्षांत बोलून जमलं नव्हतं.

आणि मग गर्दी आली. अमावास्येला गर्दी येतेच. पण त्या दिवशी ऊनही लवकर पडलं, आणि दहाच्या आत रामकलीचे दिवे संपले, शांतीबाईला नारळ मागवावे लागले. मी म्हटलं, "अमावस है, भीड़ तो आएगी ही."

"अमावस तो हर साल आत है," शांतीबाई म्हणाली, "ऐसी कब आई? जा मोड़ी के हाथ में जस है." मोडी म्हणजे मुलगी, जस म्हणजे यश. तिने तिथेच, नारळाच्या पाण्याचा हात पदराला पुसून, रामकलीच्या कागदावर अंगठा दिला. बाकी तिघींनीही दिला.

इथे ही गोष्ट सुखाने संपायला हरकत नव्हती, पण हॅनाची सुटका झाली नाही. जस असलेला हात कुणी एका दिवसावर सोडतं का? दुसऱ्या दिवशी पहाटे शांतीबाईने मला फोन केला, "दीदी, मोड़ी निकली का?" पुढचे पंधरा दिवस रोज पहाटे हॅनाने बारा दुकानांची बोहनी केली. गेस्ट हाउसमधली तिची खोली नारळांनी भरली. तिथला आचारी आठही मुलांना सकाळ-संध्याकाळ नारळाची चटणी वाढायला लागला, आणि प्रोफेसरांना ती जबलपूरची खासियत वाटली. नावाड्यांनीही यादीत नाव लावायचा प्रयत्न केला. ऑटोवाला भैया तर तिला फुकट आणायला तयार झाला, फक्त पहिली सवारी तिने व्हायचं.

हॅना मूळची अभ्यासू. तिने ठरवलं की या गोष्टीची रीतसर परीक्षा घ्यायची. सहा दुकानांत आपण बोहनी करायची, सहा दुकानांत नाही, आणि संध्याकाळी फरक बघायचा. मी ही योजना शांतीबाईपुढे मांडली. शांतीबाई म्हणाली, "बाकी छह में जो होए, हमाई दुकान पहली छह में लिखो." बाकीच्या अकरा जणींनीही हेच सांगितलं. तेव्हा ती परीक्षा झाली नाही.

रामकलीचा ठेला नर्मदा जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आला. निळा रंग, चार चाकं, वर पत्र्याचं छप्पर. जयंतीच्या पहाटे ती स्टुलावर बसली, पाय लांब केले आणि जाऊबाईंकडे बघून सावकाश केस नीट केले. पहिला दिवा अर्थातच हॅनाने घेतला. रामकलीने मला चहा दिला. त्या बैठकीबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही नाही. सांगायला फार उशीर झाला असं मी स्वतःला सांगत राहिले. मग वर्षं गेली आणि खरंच उशीर झाला.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात दुबेजींनी माझ्या उद्योजकता प्रशिक्षणाचं फार कौतुक केलं. मला आठवला तो हॅनाचा प्रश्न. घरी येऊन मी यांना म्हटलं, मी चकल्या विकणार. आमच्या रांझीतल्या मराठी बायका दिवाळीआधी एका हॉलमध्ये फराळाचा बाजार भरवतात, तिथे एक टेबल घेतलं.

माझ्याच तक्त्यातल्या सगळ्या चित्रांप्रमाणे मी वागले. माल नीट मांडला. भावात मेहनत धरली. फोनने पैसे द्यायचा चौकोन चिकटवला. चवीला तुकडे ठेवले. हसून बोलले. दहा वाजल्यापासून बायका येत होत्या, तुकडा खात होत्या, "वा, किती खुसखुशीत" म्हणत होत्या, भाव विचारत होत्या आणि "जरा फिरून येते" म्हणून जात होत्या. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बशीतले तुकडे दोनदा भरले. हसून हसून गाल दुखायला लागले. बारा वाजता मी परत जाणाऱ्या प्रत्येक बाईचे रिकामे हात बघायला लागले, आणि तेव्हा कळलं की त्या सोमवारी धुक्यात बारा बायकांना काय वाटलं असेल. आठ-आठ वेळा.

"काहून तोंड पाडून बसली?" मदतीला आलेल्या यांनी विचारलं. "मी घेऊ काय एक पाकीट?"

"घरच्याची बोहनी चालत नाही," मी खेकसले, आणि माझं मलाच नवल वाटलं.

तेवढ्यात दारात रामकली दिसली. टेबलावर लावायला मी तिला झेंडूच्या माळा सांगितल्या होत्या. ग्वारीघाटाहून रांझीपर्यंत दोन ऑटो बदलून, गुडघा ओढत ती आली होती. पण आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिथूनच विचारलं,

"दीदी, बोहनी हो गई?"

मी मान हलवली. नाही.

बोहनीआधी माझ्या टेबलावरून पैसा बाहेर जायला नको म्हणून माळांची पिशवी तिने बाहेरच ठेवली, रिकाम्या हातांनी टेबलापाशी आली, चकलीचं एक पाकीट उचललं आणि भाव न विचारता कमरेच्या बटव्यातून नोट काढून पुढे धरली. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "तुझसे पैसे लूँगी क्या रामकली?"

ती भडकलीच. "बोहनी में ना नहीं करते दीदी! इत्ते साल हमें सिखाईं, इत्ता नहीं आता?"

मी नोट घेतली. आणि तिथे, चकल्यांच्या टेबलामागे, आजूबाजूला शेजारणी कान देऊन उभ्या असताना, इतक्या वर्षांची ती तीन वाक्यं तोंडातून बाहेर पडली. त्या दिवशी मुलांना मी आणलं होतं. तुझ्या घरी मी नेलं होतं. चूक माझी होती, आणि मी गप्प बसले.

रामकलीने पाकीट काखेत धरलं, पदर सारखा केला.

"हओ," ती म्हणाली. "हमें पता थी. अब पैसा माथे से लगाओ, पीछे गिराहक खड़ी है."

मी नोट कपाळाला लावली.